जोडप्याच्या व्यसनमुक्तीचे दिवस एका आकड्यात बसत नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

व्यसनमुक्ती केंद्रात फोन करणाऱ्या नातेवाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती दिवस ठेवावं लागंल?" पेशंट नवरा-बायको दोघेही असतील, तर त्याला शेपूट जोडलेले असते, "दोघांस्नी एकाच खोलीत ठेवता न्हवं?" मोबाइलवर फिरणाऱ्या परदेशी धर्तीच्या जाहिरातींनी 'कपल रिहॅब' आणि '२८ दिवस' हे शब्द आपल्यापर्यंत आणून सोडले आहेत. त्या आकड्यावर विसंबून लोक रजा काढतात, म्हशी शेजाऱ्याकडे बांधतात, पोरं आजोळी धाडतात. मग विसाव्या दिवसापासून "आता किती राहिले" हा तगादा सुरू होतो आणि उपचार अर्ध्यावर सुटतात. म्हणून हे पत्र.

२८ हा आकडा अमेरिकेतल्या मिनेसोटा पद्धतीच्या केंद्रांत रुळला आणि तिथल्या विमा कंपन्या तेवढ्या दिवसांचे पैसे देऊ लागल्यावर घट्ट झाला. अठ्ठाविसाव्या दिवशी मेंदू ताळ्यावर येतो, असे त्यामागे काही नाही. पुण्याच्या मुक्तांगणात निवासी उपचार ३५ दिवसांचे आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय अमली पदार्थ संशोधन संस्थेचे म्हणणे असे की, केंद्रात राहून असो वा घरून ये-जा करून, ९० दिवसांपेक्षा कमी उपचारांचा फायदा मर्यादित राहतो. 'घरून ये-जा' हे शब्द महत्त्वाचे. ९० दिवस खाटेवर काढायचे नसतात. पाच आठवडे आत आणि पुढचे आठ आठवडे दर आठवड्याची भेट, असा हिशेब धरला तरी ते भरतात.

आता जोडप्याचे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एम्सच्या देशव्यापी पाहणीत १० ते ७५ वयोगटातले २७.३ टक्के पुरुष आणि १.६ टक्के स्त्रिया दारू घेत असल्याचे आढळले. म्हणजे बहुतेक घरांत खाट एकालाच लागते. "बायकोलाही आठ दिवस राहू दे, त्याला धीर येईल," हा आग्रह सासरकडून होतो. तो मानू नये. तिला लागते ती झोप, स्वतःची तपासणी (रक्तदाब आणि उदासीनता ही दोन नेहमी तपासायची राहून जातात), आठवड्यातून एकदा कुटुंबीयांची बैठक आणि शक्य असल्यास अल-अ‍ॅनॉन या पिणाऱ्यांच्या नातेवाइकांच्या गटाची सभा, जी मोफत असते.

दोघांनाही व्यसन असेल, तर दोघांचे दिवस वेगवेगळे मोजावे लागतात, कारण पदार्थ वेगळा, शरीर वेगळे. दारूचे घ्या. शेवटच्या पेगनंतर ६ ते १२ तासांत हात कापणे, घाम, मळमळ, झोप उडणे सुरू होते. फिट येण्याचा धोका ६ ते ४८ तासांत सर्वांत जास्त. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भास होतात, वेळ-काळाचे भान सुटते, ताप चढतो. यात जीव जाऊ शकतो. "खोलीत कोंडून ठेवलं की आपोआप सुटंल," हा घरगुती उपाय इथेच अंगाशी येतो. दवाखान्यात लोराझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइड देऊन मात्रा ५ ते ७ दिवसांत, कधी १० दिवसांत उतरवत नेतात. लिव्हर खराब असेल तर लोराझेपाम बरे. जीवनसत्त्व बी-१ म्हणजे थायमिनचे इंजेक्शन ग्लुकोजची बाटली लावण्याआधी द्यायचे. उपाशीपोटी पिणाऱ्याला आधी नुसते ग्लुकोज चढवले, तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. गावातल्या दवाखान्यात "अशक्तपणा आलाय, बाटली लावा" म्हणून जी घाई होते, ती यासाठी धोक्याची. पूर्वी फिट आलेली असेल, कावीळ असेल किंवा पोटात पाणी झाले असेल, तर पहिले दहा दिवस कोल्हापूरच्या सीपीआरसारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयात काढावेत आणि मगच केंद्रात जावे.

ब्राउन शुगर, कोडीनचे खोकल्याचे औषध, ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या यांचे वेळापत्रक निराळे. ब्राउन शुगर बंद केली की त्रास ८ ते २४ तासांत सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस गाठतो आणि आठ-दहा दिवसांत ओसरतो. मरण यायचे ते यात सहसा येत नाही. बाहेर पडल्यावर जुन्याच मात्रेने पुन्हा सुरुवात केली की येते, कारण तोवर शरीराची सवय गेलेली असते. हे घरच्यांना केंद्रातून सुट्टी मिळते त्या दिवशी बसवून सांगायला हवे.

सर्वांत लांब चालते ते झोपेच्या गोळ्यांचे. वर्षानुवर्षे अल्प्राझोलाम किंवा नायट्राझेपाम घेणारी बाई एका आठवड्यात ते सोडू शकत नाही. अचानक बंद केल्यास तिलाही फिट येऊ शकते. मात्रा टप्प्याटप्प्याने, आठवडेच्या आठवडे, कधी महिने लावून कमी करतात. नवऱ्याची दारू दहाव्या दिवशी शरीरातून उतरलेली असते आणि बायको पस्तिसाव्या दिवशीही पाव गोळीवर असते. "ह्यो सुधारला, हिचंच काय रेंगाळलंय," असे सासू म्हणते. तिचे काही रेंगाळलेले नसते, तिचे औषधच तसे आहे. शिवाय स्त्रीच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी, त्यामुळे तेवढ्याच दारूने रक्तातले प्रमाण जास्त चढते आणि अवयव लवकर खराब होतात. "ती कमी पीत होती, तिला कमी दिवस पुरतील," हा हिशेब म्हणून फसतो. तिला कोणतेही औषध सुरू करण्याआधी गर्भचाचणी करावी. मिश्री किंवा तंबाखू सोडायला मात्र खाट लागत नाही.

एकच खोली का नाही? आपल्याकडे स्त्री-पुरुषांचे विभाग वेगळे असतात, हे एक. खरे कारण उपचाराचे आहे. पहिल्या दहा दिवसांत माणूस चिडचिडा आणि पळपुटा असतो; एकाने पिशवी भरायला घेतली की दुसरा चप्पल घालतो. म्हणून दाखल एकाच आठवड्यात करावे, पण वेगळ्या विभागात, आणि जिल्ह्यात सोय नसेल तर वेगळ्या केंद्रात. पहिले दहा दिवस परस्परांशी फोनही नको. लेकरांमुळे किंवा जनावरांमुळे दोघांना एकदम निघता येत नसेल, तर आधी सुटणाऱ्याने पिणाऱ्या जोडीदाराकडे परत जाऊ नये. भावाकडे, बहिणीकडे राहावे आणि दुसरा बाहेर आल्यावरच चूल एक करावी. एक कोरडा आणि एक ओला अशा घरात कोरडा फार दिवस टिकत नाही.

दोघांना समोरासमोर बसवायचे ते तिसऱ्या आठवड्यापासून. त्याआधी प्रत्येकाला एकट्याला घेऊन मारहाणीबद्दल विचारायचे. भीती असेल तर संयुक्त बैठक होत नाही. तिथे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्याचा रस्ता आधी दाखवायचा. दारूड्याचा संशयीपणा हाही असाच विषय. पिणे थांबून दोन-तीन आठवडे झाले तरी बायकोवरचा संशय तसाच असेल, तर तो नुसता नशेचा भाग राहत नाही. मानसोपचारतज्ज्ञाचे वेगळे औषध लागते आणि मुक्काम वाढतो.

जोडप्यांसाठीच्या वर्तनोपचाराच्या आठवड्याला एक अशा १२ ते २० बैठका होतात, आणि त्यातल्या बहुतेक घरी परतल्यावर. गाभा साधा आहे. रोज ठरलेल्या वेळी पिणारा म्हणतो, "आज घेणार नाही." जोडीदार त्याबद्दल आभार मानतो. डायसल्फिराम (वर दारू घेतली तर त्रास होतो अशी गोळी) चालू असेल तर ती तेव्हाच, समोर घेतली जाते आणि कॅलेंडरवर खूण होते. त्या पाच मिनिटांत कालचे उकरायचे नाही, उद्याची भीती घालायची नाही. हे मोडते ते बहुधा जोडीदार पोलीस झाल्यावर: तोंडाचा वास घेणे, खिसे तपासणे, मेहुण्याला फोन करणे. एकालाच व्यसन असलेल्या जोडप्यांत या पद्धतीचा उपयोग चांगला दिसला आहे. दोघेही पीत असतील, तर दोघांनी एकाच वेळी सोडायचे ठरवले असले तरच ती लावावी.

डायसल्फिरामविषयी दोन शब्द, कारण 'न सांगता दारू सोडवा' छापाच्या भिंतीवरच्या जाहिरातींना लोक अजून फसतात. ही गोळी शेवटच्या घोटानंतर किमान १२ तासांनी सुरू करतात, साधारण २५० मिलिग्रॅम रोज, आणि बंद केल्यावरही सुमारे दोन आठवडे तिचा परिणाम राहतो. वर दारू पडली तर छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदयविकार असलेल्याला किंवा गरोदर स्त्रीला ती देत नाहीत. भाजीत, चहात मिसळून देणे हा जिवाशी खेळ आहे.

कायद्याची एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मध्ये दारू आणि अमली पदार्थांशी जोडलेले मानसिक विकारही येतात. स्वतःहून दाखल झालेला रुग्ण मागेल तेव्हा त्याला सोडावे लागते. तपासणीसाठी फार तर २४ तास थांबवता येते. रुग्णाला स्वतः निर्णय घेता येत नसेल, तर नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावर दाखल करता येते, पण ३० दिवसांपर्यंत, आणि पुढे ठेवायचे तर नव्या तपासणीनंतर. नवरा-बायको सहसा एकमेकांचे प्रतिनिधी असतात. दोघेही दाखल होत असतील, तर दोघांसाठी शुद्धीवरचा तिसरा माणूस आधीच लेखी ठरवावा. नाहीतर रात्री दोन वाजता सही कोणाची, यावर गाडे अडते. आणि आईचे मूल तीन वर्षांखालचे असेल, तर सर्वसाधारणपणे त्याला तिच्यापासून तोडता येत नाही, हेही केंद्राला विचारून घ्यावे.

शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्रीतल्या ईएसआय (कामगार विमा) लागू असलेल्या कामगाराला आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळू शकते. डॉक्टरचा दाखला मात्र पहिल्या दिवसापासूनचा हवा. ऊस असलेल्यांनी गळीत हंगामाच्या तोंडावर दाखल होऊ नये. तोड आली की पेशंट निघतो. केंद्रातून सुट्टीची तारीख गटारी, ३१ डिसेंबर, गावची जत्रा यांच्या आदल्या आठवड्यात नको. तांबडा-पांढरा रस्सा वाढला की बाटली कोणीतरी आणतोच. आमचे मत असे की दोघांना एकाच दिवशी सोडू नये. आधी एकाने दोन-तीन दिवस वडीलधाऱ्या माणसासोबत राहून घरातल्या बाटल्या, गोळ्या काढाव्यात, मग दुसऱ्याने यावे.

पुढे पहिले दोन महिने दर आठवड्याला, तिसऱ्या महिन्यात पंधरवड्याला आणि मग वर्षभर महिन्याला भेट. एकजण घसरला तर दुसऱ्याने रात्री समजूत घालत बसू नये. वेगळ्या घरी झोपावे आणि सकाळी केंद्राला फोन करावा. वेळेत आले तर पुन्हा पस्तीस दिवस लागतातच असे नाही. रात्री-अपरात्री राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ किंवा टेली-मानस १४४१६ या क्रमांकांवर बोलता येते.

संपादक महोदय, आपल्या जाहिरात विभागाकडे एक मागणी आहे. व्यसनमुक्ती केंद्राची जाहिरात घेताना नोंदणीचा क्रमांक, डॉक्टर किती तास हजर असतो आणि स्त्रियांचा स्वतंत्र विभाग आहे की नाही, या तीन गोष्टी छापण्याची अट घालावी. आणि 'जोडप्यांसाठी खास पॅकेज' असे लिहिलेले असेल, तर पॅकेजात सुट्टीनंतरच्या किती बैठका धरल्या आहेत, तेही विचारावे.

आपले,
व्यसनमुक्ती क्षेत्रातील काही समुपदेशक व परिचारिका, कोल्हापूर