कर्वे रस्त्यावरच्या ड्रायव्हरदादांना

नमस्कार दादा,

तुमचं नाव मी विचारलं नाही आणि तुम्हीही माझं विचारलं नाहीत. तुम्ही मला ताई म्हणालात, मी तुम्हाला दादा म्हणाले, एवढीच आपली ओळख. गेले काही महिने तुम्ही आमच्या रस्त्याला दिसला नाहीत. कोथरूड स्टँडवर चौकशी केली, पण ‘उंच आहेत, मिशा पिकल्यात, तंबाखू खात नाहीत, सारखा चहा लागतो’ एवढ्या वर्णनावरून कोणाला ओळख पटेना. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. तुमच्या ओळखीच्या कोणी वाचलं, तर तुम्हाला नक्की वाचून दाखवतील.

तुम्हाला आठवावं म्हणून सांगते. मी निळी लेडीज सायकलवाली. डहाणूकर कॉलनीतून प्रभात रस्त्यावर डोळ्यांच्या दवाखान्यात कामाला जाते.

जुलैमधली ती सकाळ मला अजून जशीच्या तशी दिसते. भुरभुर पाऊस होता, रेनकोटची टोपी सारखी कपाळावर येत होती. पौड फाट्याच्या अलीकडे तुमची बस थांब्याकडे डावीकडे सरकत होती. डावा इंडिकेटर चालू होता आणि तो मला दिसला होता, हे आज मान्य करते. तरी वाटलं, बस थांबायच्या आत आपण निसटून जाऊ. बस आणि फुटपाथ यांच्यामध्ये दोन हात जागा होती, ती बघता बघता एक हात झाली. हँडलचं टोक पत्र्याला घासत गेलं. मी डावा पाय फुटपाथच्या कडेला टेकवला आणि तिथेच अडकले. आतून कंडक्टर ओरडले आणि बस थांबली. पत्रा माझ्या कोपरापासून वीतभर लांब होता. त्यावरचा चिखलाचा ओघळ आणि एक सुटलेला रिव्हेट मला आजही आठवतो.

आणि मी काय केलं? तळहाताने पत्रा बडवला आणि तुमच्यावर ओरडले, “दिसत नाही का?”

तुम्ही काहीच बोलला नाहीत. मी निघेपर्यंत बस जागची हलवली नाहीत. दिवसभर दवाखान्यात माझे हात थरथरत होते, पण राग तुमच्यावरच होता.

चार-पाच दिवसांनी संध्याकाळी स्टँडजवळून जाताना तुम्ही हाक मारलीत. हातात चहाचा कप होता. मला वाटलं, आता भांडण होणार. तुम्ही म्हणालात, “ताई, परवा तुम्ही विचारलं ना, दिसत नाही का? दोन मिनिटं असतील तर या, दाखवतो.”

बस उभी होती, इंजिन बंद होतं, किल्ली तुमच्या खिशात होती. तुम्ही मला तुमच्या सीटवर बसवलंत आणि माझी सायकल हातात धरून बसच्या मागून डाव्या बाजूने चालत पुढे येऊ लागलात. “आरशात बघत राहा,” असं खालून सांगितलंत. सुरुवातीला तुम्ही आणि सायकल दोन्ही नीट दिसत होतात. मग आरशाच्या कडेला सायकलचं पुढचं चाक गेलं, मग हँडल, मग तुम्ही. डाव्या खिडकीतून बघितलं, तर नुसता रस्ता आणि पलीकडची टपरी. मी विचारलं, “दादा, कुठे आहात?” आवाज आला, “इथंच. दरवाज्याला हात लावून उभा आहे.”

मी सीटवरून अर्धी उठले, मान लांब केली, तेव्हा कुठे तुमच्या डोक्याचे केस दिसले. मग तुम्ही पुढच्या काचेखालून वाकून गेलात आणि मला काहीच दिसलं नाही. “आता इथं शाळेतलं पोरगं असतं तर?” असं तुम्ही विचारलंत. मला उत्तर देता आलं नाही.

दादा, माझं कामच नजर तपासण्याचं आहे. आमच्याकडे दृष्टिक्षेत्राची तपासणी असते. पेशंटने मशिनमधल्या मधल्या ठिपक्याकडे बघायचं आणि आजूबाजूला बारीक दिवा लुकलुकला की बटण दाबायचं. प्रत्येक माणसाच्या प्रत्येक डोळ्यात एक अंधबिंदू असतो, नजरेच्या मध्यापासून बाहेरच्या बाजूला सुमारे १५ अंशांवर. तिथे दिवा लागला तर चांगला डोळा असलेल्यालाही दिसत नाही. गंमत म्हणजे ती जागा काळी किंवा रिकामी वाटत नाही, मेंदू ती आजूबाजूच्या चित्राने भरून काढतो. म्हणून आपल्याला काही दिसत नाहीये, हेच माणसाला कळत नाही. हे मी रोज पेशंटना समजावते. पण एवढी वर्षं रस्त्यावर फिरताना बसलाही असा अंधबिंदू असेल आणि मी रोज हौसेने त्यात जाऊन उभी राहत असेन, हे कधी मनात आलं नव्हतं. तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही लक्ष देऊन ऐकलंत आणि म्हणालात, “आमची मान सारखी हलती असते म्हणून भागतं. पण थांब्यावर एका वेळी कुठंकुठं बघणार?”

त्या दोन मिनिटांची वीस मिनिटं झाली. तुम्ही सांगितलेलं मी घरी येऊन वहीत लिहून ठेवलं होतं.

बस थांब्याकडे वळायला लागली की सायकलने मागेच थांबायचं. डावीकडून आत घुसायचं नाही. उजवीकडून पुढे जायचं तर मागचं वाहन बघून, हात दाखवून, बस पूर्ण थांबल्यावरच. आणि पुढे गेल्यावर बसच्या नाकासमोर लगेच डावीकडे यायचं नाही. बारा मीटरची बस डावीकडे वळते तेव्हा पुढची चाकं रुंद फिरतात आणि मागची आतून येतात. त्यामुळे वळणावर मागच्या चाकाशेजारची जी जागा मोकळी वाटते, ती क्षणात मिटते. हे मला माहीतच नव्हतं. मी तर वळणाऱ्या बसच्या आतल्या बाजूलाच सुरक्षित समजून उभी राहायची.

पण सगळ्यात जास्त मनाला लागलं ते वेगळंच. तुम्ही म्हणालात, “ताई, तुम्ही अचानक समोर आलात तर मी ब्रेक मारीनच. पण आत दांडीला धरून उभी असलेली म्हातारी तोंडावर पडते, तिचं काय?” मी त्या बसमधून आईला कितीतरी वेळा नेलंय. तिची मनगटं, तिची दांडीवरची पकड मला माहीत आहे. ताशी ४० किलोमीटरने जाणारी बस एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. ड्रायव्हरला दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंतच तेवढं अंतर संपलेलं असतं. हा हिशोब मी नंतर घरी मांडला आणि मग बराच वेळ झोप आली नाही.

मला कोणी हे आधी का सांगितलं नाही, याचा विचार केला. सायकलला लायसन लागत नाही, नोंदणी नाही, विमा नाही. मोटारसायकलला हेल्मेटची सक्ती आहे, सायकलला नाही. (मी घालते. डोक्याला लागून दृष्टी गेलेले पेशंट मी पाहिलेत.) हे सगळं चांगलंच आहे, गरिबातल्या गरिबाला उद्या सकाळी सायकल काढून कामावर जाता यायला हवं. पण त्यामुळे रस्त्यावर कसं वागायचं हे सायकलवाल्याला कोणी कधी विचारत नाही आणि शिकवतही नाही. आम्ही वाड्याच्या अंगणात तोल सांभाळायला शिकलो, तेच आमचं शिक्षण.

कायदा मात्र आपल्याला सोडत नाही. माझा भाचा वकिली करतो, त्याला विचारलं. त्याने सांगितलं, भारतीय न्याय संहितेच्या २८१व्या कलमात रस्त्यावर बेदरकारपणे जाऊन दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्याला शिक्षा आहे, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि ते फक्त मोटारींपुरतं नाही. सिग्नल तोडणारी किंवा उलट्या बाजूने येणारी सायकल ‘सायकलच तर आहे’ म्हणून सुटत नाही. मी जंगली महाराज रस्त्यावर एकदिशा असताना कडेकडेने उलटी गेलेली आहे, एकदा नव्हे, पुष्कळदा. आता उतरते आणि फुटपाथवरून सायकल हातात धरून चालत जाते. पाच मिनिटं जास्त लागतात.

माझे वडील पिंपरीच्या कारखान्यात सायकलवर जायचे. ते सांगायचे, तेव्हा दिवा नसला की पोलीस अडवायचा, डबलसीट दिसलं की उतरवायचा, कधी चाकातली हवाच सोडून द्यायचा. महापालिकेचा पत्र्याचा बिल्ला सायकलला लावावा लागायचा. डायनॅमो चाकाला टेकवला की पायडल जड व्हायचं, म्हणून वडील कुरकुर करायचे, पण अंधार पडला की तो लावायचेच. पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे त्या काळात शिस्त लावणारं कोणीतरी होतं. मग स्कूटर आल्या, सायकली गेल्या आणि ती शिस्तही गेली. आता पुन्हा सायकली दिसू लागल्यात. महापालिकेने २०१७ साली सायकल आराखडाही मंजूर केला. ट्रॅक आहेत तिथे गाड्या लावलेल्या असतात, हे तुम्हाला मी काय सांगणार. तुम्हीच म्हणालात, की सायकलवाल्यांना त्यांची वाट मिळाली तर आमच्याइतकं सुख कोणाला होणार नाही. हे मी बस ड्रायव्हरच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

त्या दिवसानंतर मी काय काय बदललं ते सांगते. मागे लाल दिवा लावला, पुढे पांढरा, आणि रेनकोटला पाठीवर चमकणारी पट्टी शिवून घेतली. पूर्वीचा रेनकोट गडद निळा होता, पावसाळी संध्याकाळी तो कोणाला दिसणार? हात दाखवायला शिकले, म्हणजे वळायच्या बऱ्याच आधी, खांद्याच्या उंचीवर सरळ. परतीच्या वाटेवर एका सिग्नलला मला उजवीकडे वळावं लागतं. पूर्वी मी गाड्यांमधून तिरकी घुसायची. आता सरळ पलीकडे जाते, कोपऱ्यात डाव्या कडेला थांबते, सायकल फिरवते आणि त्या बाजूचा सिग्नल हिरवा झाला की निघते. उभ्या मोटारींच्या कडेने जाताना दार उघडलं तरी लागणार नाही एवढी जागा सोडते. म्हणजे मला थोडं रस्त्याच्या आत यावं लागतं. सुरुवातीला मागून हॉर्न वाजले की बिचकायची. आता हँडल सरळ ठेवते आणि वाकडंतिकडं जात नाही. मागच्याला माझा अंदाज आला की तो आपोआप बाजूने जातो.

इलेक्ट्रिक बस वाढल्या तशी आणखी एक सवय लावून घेतली. जुनी बस मागे आली की इंजिनच्या आवाजावरून कळायचं. ही येते ती जवळजवळ गुपचूप. म्हणून कानात काही घालत नाही आणि दर थोड्या वेळाने मान वळवून मागे बघते. तुम्ही मान हलवता, तशी मीही हलवते.

आणखी एक गोष्ट तुम्हाला कळायला हवी. आमच्या सोसायटीतली सहावी-सातवीची मुलं सायकलवर शाळेत आणि क्लासला जातात. मी त्यांच्या आयांशी बोलले. सोसायटीत मुलांना न्यायला येणाऱ्या स्कूलबसच्या काकांना विनंती केली, आणि एका रविवारी त्यांनी बस आवारात आणून उभी केली, किल्ली काढून. प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी ड्रायव्हरच्या सीटवर बसली आणि बाकीची सायकली घेऊन डावीकडून चालत गेली. “काकू, चिन्मय गायब!” असं एक पोरगी ओरडली. चिन्मय दरवाज्याशी उभा राहून हात हलवत होता. मी तुमच्यासारखंच विचारलं, “आता बस सुरू झाली असती तर?” अकरा मुलं होती. एकदम शांत झाली.

दादा, तुम्ही त्या दिवशी मला चार शब्द सुनावू शकला असतात. चूक माझी होती, ओरडलेही मीच होते. दिवसभर या ट्रॅफिकमध्ये गाडी हाकून आल्यावर चहाच्या सुट्टीतली वीस मिनिटं तुम्ही एका अनोळखी बाईसाठी खर्च केलीत, आणि तिला तुमच्या जागेवर बसवलंत. त्याबद्दल मनापासून आभार. पत्रा बडवला त्याबद्दल माफी मागायची राहून गेली होती, ती इथे मागते.

आता मी नळ स्टॉपच्या उड्डाणपुलाखाली बसच्या मागे थांबते. प्रवासी चढेपर्यंत, बस निघेपर्यंत. कधी तुमची ड्युटी पुन्हा कर्वे रस्त्याला लागली, तर मागच्या बाजूला आरशात बघा. मी आरशात दिसेन अशाच जागी उभी असेन.

तुमची,
निळ्या सायकलवाली ताई