फलकावरची नोटीस आणि हद्दपारी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील वर्णभेदावर आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख वाचला. आंतरवंशीय विवाहबंदीचा विषय त्यात दोन ओळींत उरकला आहे. पण त्या कायद्यांनी शिक्षा कोणती ठरवली होती, हे आमच्याकडच्या वाचकाने जरूर पाहावे. व्हर्जिनिया वसाहतीने १६९१ मध्ये कृष्णवर्णीय किंवा मूलनिवासी व्यक्तीशी लग्न करणाऱ्या गोऱ्या माणसाला हद्दपारी सांगितली. पुढे कायद्याची कलमे बदलली. तरीही १९५८ मध्ये वॉशिंग्टनला जाऊन लग्न करून आलेल्या रिचर्ड आणि मिल्ड्रेड लव्हिंग या आंतरवंशीय जोडप्याला त्याच व्हर्जिनियात रात्री घरात शिरून अटक झाली, आणि २५ वर्षे दोघांनी मिळून राज्यात यायचे नाही, या अटीवर त्यांची एक वर्षाची कैद स्थगित करण्यात आली. म्हणजे पुन्हा हद्दपारीच! सर्वोच्च न्यायालयाने १२ जून १९६७ रोजी एकमताने ही बंदी घटनाबाह्य ठरवली, तेव्हा ती १६ राज्यांत लागू होती.

आपल्याकडे आंतरजातीय हिंदू विवाहांना १९४९ च्या कायद्याने वैधता मिळाली, आणि आंतरधर्मीयांसाठी १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. माझ्या पुतणीने गेल्या वर्षी त्याच कायद्याने अर्ज केला. नियोजित लग्नाची नोटीस ३० दिवस विवाह अधिकाऱ्याच्या कचेरीच्या फलकावर लागते. त्या नोटिशीचा फोटो तिसऱ्याच दिवशी यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात मोबाइलवरून फिरू लागला. कायद्याने आक्षेप घेता येतो तो वय, हयात जोडीदार, मानसिक स्थिती आणि निषिद्ध नाते यांवरच. धर्म किंवा आईवडिलांची संमती त्यात कुठेही नाही. कचेरीत एकही आक्षेप आला नाही, सगळे आक्षेप आमच्या ओसरीवर आले. लग्न झाले, पण पोरे पुण्याला गेली ती पोळ्यालाही आली नाहीत. (दोघेही हिंदू, बौद्ध, जैन वा शीख असतील, तर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानुसार या नोटिशीची गरजच नसते, हे ‘कोर्ट मॅरेज’ करायला निघालेल्या कित्येकांना कोणी सांगत नाही.)

वय आणि वैवाहिक स्थिती तपासायला जन्मदाखला व शपथपत्र अधिकाऱ्याच्या हाती असतेच. विशेष विवाह कायदा केंद्राचा असल्यामुळे, नोटीस फलकावर लावण्याची कलम ६ मधील तरतूद वगळावी, अशी मागणी विदर्भातील खासदारांनी संसदेत करावी.

आपला,
एक सेवानिवृत्त शिक्षक, जि. यवतमाळ