किगालीहून, दुखवट्याच्या आठवड्यात

किगाली (रवांडा), 10 एप्रिल

ती. अण्णा आणि आई यांस सा. न. वि. वि.

फोन दोनदा कापला गेला म्हणून काळजी करत बसू नका, मी उत्तम आहे. टीव्हीवर लढाई दाखवतात ते गोमा शहर काँगोत, सरहद्दीपलीकडे. इथून गाडीने तीन-चार तास. इथे बाई रात्री दहाला एकटी घरी चालत जाते. आणि हो, वेळेवर जेवते.

शेजारच्या बारमधली गाणी ऐकू येईनात म्हणून आईला शंका आली. 7 एप्रिलपासून आठवडाभर इथे दुखवटा असतो. झेंडा अर्ध्यावर, गाणी बंद, लग्नकार्य नाही. 1994 साली याच दिवशी बहुसंख्य हुतूंमधल्या कट्टर लोकांनी अल्पसंख्य तुत्सींची कत्तल सुरू केली, ती शंभर दिवस चालली. मेलेल्यांचा आकडा संयुक्त राष्ट्रं आठ लाख धरतात, इथलं सरकार दहा लाखांवर.

आई, घरमालकीणबाईंचं आडनाव विचारलं होतंस. अगं, इथे आडनाव ही भानगडच नाही. बापाचं नाव पोरांना लागत नाही. मूल जन्मलं की त्याचं स्वतःचं एक किन्यारवांडा (इथली भाषा) नाव, जोडीला बहुतेक वेळा ख्रिस्ती नाहीतर मुसलमानी. चार सख्खी भावंडं, चार वेगळी नावं! नावावरून कोण कुणाचा ते कळायची सोय नाही. मग आपली जीभ वळवळते, ‘मूळचे कुठले तुम्ही?’ तेही विचारायचं नाही. हुतू की तुत्सी, हे तर तोंडातून काढायचंच नाही.

अण्णा, तुम्ही जन्मभर सातबारे लिहिलेत, रकाना काय करतो ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. बेल्जियन राजवटीने 1930 च्या दशकात ओळखपत्रं काढली आणि त्यात ‘उब्वोको’चा, म्हणजे वंशाचा, रकाना घातला. पुढे कार्डावर हुतू, तुत्सी, त्वा (तिसरा, अगदी लहान गट) आणि ‘नागरिकत्व घेतलेला’ असं छापलेलंच असायचं; लागू नसेल ते खोडायचं. भाषा एक, गाव एक, चर्च एक, सोयरीकही होत होती. 1994 मध्ये मारेकरी नाक्यानाक्यावर कार्ड मागायचे आणि कुठला शब्द खोडलेला नाही तेवढं बघायचे.

पुढे तोच रकाना टांझानियातल्या अरुशाच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात कामी आला; या कत्तलीचे खटले तिथे चालले. वंशसंहाराविरुद्धच्या 1948 च्या करारात संरक्षण आहे ते राष्ट्र, वांशिक समूह, वंश आणि धर्म या चारच गटांना. मग तुत्सी कशात बसवायचे? भाषा-संस्कृती तर एकच. न्यायाधीशांनी ओळखपत्राकडे बोट दाखवलं: सरकारनेच हा गट वेगळा नोंदवला होता. 2 सप्टेंबर 1998 ला रवांडातल्या ताबा गावचा नगराध्यक्ष अकायेसू दोषी ठरला. खटला चालवून वंशसंहाराबद्दल शिक्षा देण्याची ही आंतरराष्ट्रीय न्यायालयाची पहिलीच वेळ. मूळ आरोपपत्रात बलात्कार नव्हता. साक्षीला उभ्या राहिलेल्या बायकाच बोलल्या, तेव्हा 1997 मध्ये आरोप वाढवले. पीठावर एकच बाई होत्या, डर्बनच्या नवनीतम पिल्ले. गट संपवायच्या हेतूने केलेला बलात्कार हाही वंशसंहारच, हे त्या निकालाने कायद्यात पक्कं केलं.

बाकीच्या आरोपींसाठी इथे गावोगावी ‘गचाचा’ भरायच्या, म्हणजे गवतावरची पंचायत. 2012 पर्यंत अशा सुमारे 12 हजार पंचायतींनी वीस लाखांच्या आसपास प्रकरणं निकाली काढली. वकील नाही, पंचांना पगार नाही. कबुली देताना साथीदार कोण आणि प्रेत कुठे टाकलं हे सांगावं लागे, तरच शिक्षेत सूट. अर्थात काहीजण मेलेल्या साथीदारावर खापर फोडून मोकळे व्हायचे. आणि जिंकलेल्या सैन्याने, म्हणजे पुढे सत्तेवर आलेल्या तुत्सी बंडखोरांनी, केलेल्या हत्या तिथे आल्याच नाहीत. ‘वंशसंहाराची विचारसरणी’ हा गुन्हा 2008 मध्ये इतका सैल शब्दांत लिहिला की टीकाकारही त्यात अडकले. 2018 मध्ये कायदा बदलावा लागला.

आपल्याकडचं विचाराल, तर भारताने हा करार 1959 मध्ये मान्य केला, पण देशात त्यासाठी वेगळा कायदा केला नाही. 1984 च्या शीख हत्याकांडातल्या सज्जन कुमार खटल्याच्या निकालात, 2018 मध्ये, दिल्ली उच्च न्यायालयाने ही उणीव लिहून ठेवली आहे.

असो, फार झालं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मी चाळीस हजार पाठवले आहेत. भिंग चांगलं बसवा, पैशाकडे बघू नका. ऑपरेशनला मी तिथे असायला हवी होते, ते मला कळतं. सुट्टी जुलैतच आहे, म्हणजे चुलतभावाच्या लग्नालाही मी नाही. आहेर आईने माझ्या नावाने करावा.

मावशीने बायोडेटाचा नमुना पाठवला, मिळाला. उंची, शिक्षण, पगार सगळं भरलं आहे. ‘जात-पोटजात’ तेवढं रिकामं ठेवलंय. आई, रागावू नकोस. मावशी भरेलच म्हणा. पण भरलं तर मला कळवू नका.

तुमची,
सुमी