दिवाळीला येत नाहीये, म्हणून हे पत्र

तीर्थरूप अण्णा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, म्हणजे आईला भिंग शोधत बसायला नको. फोनवर सांगायचा दोनदा प्रयत्न केला. पहिल्यांदा कुकर झाला, दुसऱ्यांदा अण्णा "हं, हं" करत राहिले. ते "हं" म्हणजे ऐकू आलेलं नसतं, हे मला आता कळायला लागलंय. कानाच्या मशीनचं पुढे बोलतेच.

तर एकदाच सांगते. मी टीव्ही चॅनलमधली नोकरी सोडली. राजीनामा मागच्याच महिन्यात दिला होता, परवा ऑफिसचं कार्ड परत केलं. आणि दिवाळीला मी येत नाहीये.

हे लिहून झाल्यावर उठून चहा करून आले. आता पुढचं.

"एवढी चांगली नोकरी" असं आई म्हणणार, आणि अण्णा काहीच न बोलता जास्वंदीला पाणी घालायला जाणार, सकाळी घातलेलं असलं तरी. म्हणून आधी पैशाचं. पीएफला हात लावलेला नाही. दीड वर्षाचा खर्च बाजूला काढून ठेवलाय, त्यात तुमच्याकडे पाच तारखेला येतात तेही धरलेत, ते थांबणार नाहीत. माझ्या यूट्यूब चॅनलवर आता 3 लाख 40 हजार लोक आहेत. जाहिरातीचे जे पैसे येतात त्यातले 55 टक्के आपले, उरलेले यूट्यूबचे. मराठीला जाहिराती स्वस्तातल्या लागतात, त्यामुळे समोरच्या काकूंना वाटतं तेवढं ते घबाड नाही. एखाद्या महिन्यात पगाराइतके येतात, एखाद्या महिन्यात भाडंही निघत नाही. काही प्रेक्षक दर महिन्याला शंभर-दोनशे पाठवतात. "लोकांकडून पैसे घ्यायचे?" असं विचारू नका अण्णा. पेपरची वर्गणी तुम्ही चाळीस वर्षं भरलीत, ते काय होतं?

आई, तुला आठवतंय का, सुरुवातीला हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तास झाल्याशिवाय एक पैसा मिळत नाही असं मी म्हटलं होतं, तेव्हा तू माझे व्हिडिओ लावून टॅब रात्रभर गव्हाच्या डब्यावर ठेवायचीस? आवाज बंद करून, अण्णांची झोप मोडू नये म्हणून. टॅब त्यातच गेला. त्या चार हजारांत तुझे किती तास होते याचा मी हिशोब केलेला नाही, पण चॅनल उभं राहिलं त्याला तो टॅबही कारण आहे.

30 नोव्हेंबर 2022ला रवीश कुमारांनी एनडीटीव्ही सोडलं, तेव्हा रात्री अण्णांनी फोन केला होता. म्हणाले होते, "आता तो स्वतःचा धनी झाला." मी तेव्हापासून ते वाक्य जपून ठेवलंय, तुमच्यावरच उलटवायला. आता तुम्ही म्हणाल, त्यांचा चेहरा घराघरात माहीत होता, तुझा कुठे आहे. खरंय. माझ्याकडे एक कॅमेरा, दोन कॉलर माईक आणि एक एडिटर पोरगा आहे, ज्याला मी अर्धे पैसे वेळेवर देते आणि अर्धे उशिरा. आणि दर 6 जानेवारीला तुम्ही मला फोन करून बाळशास्त्री जांभेकर सांगता, विशीच्या आसपासचा मुलगा, 1832, पहिलं मराठी वर्तमानपत्र दर्पण. ते आठच वर्षं चाललं हे मात्र तुम्ही कधी सांगितलं नाहीत. मला कॉलेजात कळलं. म्हणून बंद पडेल का, हा प्रश्न मला फारसा घाबरवत नाही.

खरं कारण वेगळं आहे, आणि ते तुमच्यापासूनच सुरू होतं.

2019 साली ऊसतोडीच्या बायकांच्या पिशव्या काढल्याची बातमी गाजली. सरकारी समितीने आपल्या बीड जिल्ह्यातल्या 82 हजार 309 बायकांची पाहणी केली, त्यातल्या 13 हजार 861 जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. मी तेव्हा टीव्ही चॅनलकडून आले होते, तुमच्याकडे एक रात्र राहिले होते, आईने धपाटे बांधून दिले होते. दोन दिवसांत अकरा बायकांशी बोलले. दाखवायला मिळाली 90 सेकंदं. त्यात एका बाईचं बोलणं बारा सेकंद. ती बाई पाऊण तास बोलली होती, मधे दोनदा थांबून तिने पाणी प्यायलं होतं. ऑफिसातल्या कुणाला दोष देत नाही, तिथे नऊच्या बातम्यांना तेवढीच जागा असते. पण ती बाई मला विचारत होती, "कवा दाखवणार?" आणि मी तिला वेळ सांगितली होती. तिने शेजाऱ्यांना बोलावून ठेवलं असणार.

त्यानंतर मी सुट्टीच्या दिवशी स्वतःचं काम सुरू केलं. सलग बोलू द्यायचं, मधे तोडायचं नाही. मुलाखतीला बसल्यावर पहिला प्रश्न मी तुझा विचारते आई, "काल जेवायला काय केलं होतं?" आलेल्या माणसाला तू हेच विचारतेस. माणूस भाकरीबद्दल बोलायला लागलं की कॅमेरा विसरतं.

आता दिवाळीचं. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतील. ह्या वर्षी धारूरकडच्या एका टोळीबरोबर मी निघतेय, घाट उतरून थेट कृष्णाकाठी, सांगली जिल्ह्यात. पूर्ण हंगाम. त्यांच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत, राहणार नाही, घाबरू नका, गावात खोली बघितलीय, संडास आत आहे, दाराला आतून कडी आहे, मालकीणबाई सत्तरीच्या आहेत आणि माझ्यावर तुझ्याइतकंच लक्ष ठेवतील अशी लक्षणं आहेत. फिल्म तासाभराची होईल. उचल म्हणजे आगाऊ पैसे किती, टनाला किती, खाडा झाला की किती कापले जातात, नवराबायको मिळून एक कोयता म्हणजे हिशोबात बाई कुठे असते, हे सगळं त्यांच्या तोंडून. जानेवारी 2024मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली, ती हातात पोचते तेव्हा केवढी उरते, तेही. त्यांची दिवाळी फडात होते. मी घरी लाडू खाऊन पाडव्यानंतर जाऊन "दिवाळी कशी झाली" विचारलं तर ते कशाला सांगतील?

त्या टोळीत माझ्या वर्गातली एक मैत्रीण आहे. खिडकीपाशी बसायची, माझी पेन्सिल दातांनी टोकदार करून द्यायची ती. नाव लिहीत नाही, तुम्हाला कळलं असेल. दुसरीपासून दर दिवाळीनंतर जायची आणि गुढीपाडव्याच्या सुमारास काळवंडून परत यायची. चौथीत 1996च्या दिवाळीनंतर गेली ती परत आली नाही.

मागच्या महिन्यात भेटले. पहिलं काय बोलली माहितीय? "गुर्जी हायेत ना गं?" आहेत म्हटल्यावर तिने पदराने तोंड पुसलं. चेहरा दाखवायचा नाही असं ठरलंय, फक्त हात. माईक पदराला लावला तर पदर हलला की खरखर यायची, म्हणून तिने पदर कमरेला घट्ट खोचला आणि म्हणाली, "हां, इचार आता." ऊस उचलून उचलून तिची डावी मान थोडी वाकडी झालीय. पिशवी तिचीही काढलीय, अठ्ठाविसाव्या वर्षी. मी ते विचारलं नव्हतं. तिनेच सांगितलं, भाकरीला लागणारं पीठ सांगावं तसं.

अण्णा, ती तुमच्याबद्दलही बोलली. तुम्ही हजेरीपटावरून तिचं नाव कमी केलं नव्हतं, शेऱ्याच्या रकान्यात "ऊसतोडीस" एवढंच लिहायचात, हे तिला माहीत आहे. कसं, देव जाणे. त्याचा तिला अभिमान आहे. मग म्हणाली, "गुर्जींनी पहिल्या साली बापाला आडवलं. उचल घेतलेली व्हती, बाप तरी काय करणार. दुसऱ्या साली गुर्जी दारापर्यंत आले आन् माघारी गेले. तिसऱ्या साली आलेच न्हाईत."

रागाने नाही म्हणाली. खरंच नाही.

मी हे तुमच्यापासून लपवू शकले असते. पण फिल्म लाखभर लोक बघणार आणि तुम्हाला शेजारच्या पोराच्या मोबाइलवर कळणार, हे मला चाललं नसतं. दिवाळीनंतर वर्गात निम्मी पोरं नसायची अण्णा, मी तिथेच बसलेली असायचे. आत्ता आहेत तशी, पोरांना मागे ठेवून घेणारी हंगामी वसतिगृहं तेव्हा आपल्या गावात नव्हती. तुम्ही संध्याकाळी घरी येऊन न बोलता चपला किती वेळ झटकायचात, तेही मी बघितलंय. म्हणून नोकरीचं नि दिवाळीचं मी ठरवून सांगतेय, पण हे एक ठरवलेलं नाही. ते वाक्य ठेवायचं की नाही, तुम्ही सांगा. ठेवायचं म्हणालात तर मला तुमचीही मुलाखत हवी. नाही म्हणालात तर मी परत विचारणार नाही. (एकदा विचारीन.)

आता ऐका. कानाचं मशीन डबीत ठेवण्यासाठी घेतलेलं नाही. बीपीची गोळी सकाळी, चहाच्या आधी नव्हे, नाश्त्यानंतर. मोतीबिंदूचं ऑपरेशन "थंडी पडू दे" म्हणून पुढे ढकललंत, थंडी पडेल तेव्हा भाऊ रजा काढून येणार आहे, त्याच्याशी बोलले आहे. आई, बाथरूममध्ये दांडी बसवली ती टॉवेल वाळत घालायला नाही, धरायला आहे. गुडघ्याला तेल लावून घे, फराळ जास्त करू नकोस, आणि माझ्या वाटणीचं ठेवायचंच असेल तर फक्त शंकरपाळी ठेव, ती टिकतात. चिवडा ठेवू नकोस. बरं, थोडा ठेव. इन्व्हर्टरचं पाणी भाऊ बघेल. मी रोज रात्री साडेआठला फोन करीन, फडात रेंज नसेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी. फोन नाही आला म्हणून भाऊला पळवू नका.

आणि व्हिडिओखालच्या कॉमेंट वाचायच्या नाहीत. दोघांनीही. आई, "हिला घरचे विचारत नाहीत का" असं कोणी लिहिलं म्हणून तुझी झोप जायचं कारण नाही. अण्णा, "महोदय, आधी शुद्धलेखन तपासावे, मग शिव्या द्याव्यात" हे कोणी लिहिलंय ते मला लगेच कळलं. त्याला चारशे लाइक आहेत. तरी पुरे.

माळ्यावरच्या हिरव्या ट्रंकेत तुमच्या जुन्या वह्या आहेत, त्यात एका वहीत दर वर्षी गेलेल्या पोरांची नावं तुम्ही लिहून ठेवायचात. आईने सांगितलंय, तिला रागवू नका. ती वही मला बघायची आहे. पण स्टूल घेऊन तुम्ही वर चढायचं नाही. भाऊलाही सांगू नका, तो सगळं अस्ताव्यस्त करतो. मी संक्रांतीला दोन दिवस येते, तेव्हा मीच काढीन, तुम्ही खाली स्टूल धरा.

तुमची
बाळी