आई-बाबा, मेअखेर तोलोला जाऊ या

तीर्थरूप आई-बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर सुट्टीत कुठे जायचं हा विषय निघाला की तुम्ही दोघं एकाच वेळी बोलता आणि शेवटी गाडी आईच्या लोणच्याच्या कैऱ्यांवर जाऊन थांबते. म्हणून सविस्तर लिहून कळवते आहे. बाबा, चष्मा लावून वाचा आणि आईला मोठ्यानं वाचून दाखवा.

आधी तारखा. यंदा गणपती सप्टेंबरच्या मध्यात आहेत, तेव्हा सप्टेंबरचा विषयच नको. इकडे जर्मनीत, आमच्या बव्हेरियात, मेअखेर ते जूनचा पहिला आठवडा शाळांना सुट्टी असते. तिकडे पाऊस सुरू व्हायच्या आत तुम्ही इकडे याल. कैऱ्या त्याआधी उतरवून घे, आई. नाहीतर काकूला सांग, ती घालेल लोणचं. (तिचं मीठ जास्त होतं हे मला माहीत आहे.)

आता जागा. बाबांना ग्रीसमधलं सँटोरिनी हवंय, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांना तेच निळे घुमट येतात. बाबा, ते बेट सुंदर आहे, त्यात वाद नाही. पण फिरा आणि इया ही गावं ज्वालामुखीच्या कड्यावर वसलेली आहेत. खोलीतून नाश्त्याला जायचं तरी पायऱ्या, दूध आणायला पायऱ्या, परत येताना त्याच पायऱ्या चढा. तुमच्या गुडघ्याला विचारा. शिवाय समुद्र खाली शेकडो फुटांवर, नुसता बघायचा. जन्मभर अलिबागच्या वाळूत पाय बुडवून फिरणाऱ्या माणसाला ते पचणार नाही.

तुमच्या जावयांचं मत अगदी उलट. त्यांना ऑलिव्हच्या बागेत एकांतातलं घर हवंय, जिथे कुणी म्हणजे कुणी नसेल. मी नाही म्हटलं. आई, मागे तू म्युनिकला आली होतीस तेव्हा दुपारची खिडकीत बसून म्हणायचीस, "रस्त्यावर एक माणूस दिसत नाही गं." ते माझ्या चांगलं लक्षात आहे. तुम्हाला देखावा नसला तरी चालतो, माणसं लागतात. सकाळी कोण कुठे चाललंय, कोणाची होडी आली, कोणाचं पोर रडतंय, हे दिसलं पाहिजे. म्हणून मी गजबजलेलं गाव शोधत होते, आणि गेल्या वर्षी आम्ही तिघं जाऊन राहिलो ते तोलो मला त्यासाठी पसंत आहे.

तोलोही ग्रीसमध्येच, दक्षिणेकडच्या पेलोपोनीज भागात आहे, नाफ्प्लिओ शहरापासून दहाबारा किलोमीटरवर. मुख्य भूमीवरच असल्यामुळे बोटीची भानगड नाही. अथेन्सला उतरायचं आणि गाडीनं साधारण अडीच तासांत खोलीवर. एकच लांब रस्ता, त्याच्या दोन्ही बाजूंना दुकानं, बेकऱ्या, खानावळी. समुद्राकडच्या इमारतींचं मागचं दार उघडलं की थेट वाळू. किनारा अरुंद आणि पाणी बरंच आतपर्यंत उथळ. समोर रोम्वी आणि कोरोनीसी ही बेटं असल्यामुळे लाटांचा जोर नसतो. कोरोनीसीवर एक छोटंसं पांढरं देऊळ दिसतं, म्हणजे चर्च हो. पार टोकाला धक्का आहे, तिथे मासेमारीच्या होड्या लागतात. बाबा, तुमची सकाळची फेरी तिथवर होईल.

आई विचारतेय, "समुद्र बघायला इतक्या लांब कशाला, दारात आहे की." बरोबर आहे. पण एक गंमत सांगते. तिथे भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. आपल्याकडे ओहोटीला कुलाब्याच्या किल्ल्यावर चालत जाता येतं आणि भरतीला होडी लागते. तिथे सकाळी पाणी जिथे, रात्रीही तिथेच. म्हणून लोक पाण्यापासून चार पावलांवर टेबलं मांडून बिनधास्त जेवतात. स्वयंपाकघर रस्त्यापलीकडे आणि टेबलं वाळूत, अशी एक खानावळ आम्हाला सापडली. वाढणारा मुलगा दोन्ही हातांत ताटं घेऊन मोटारींमधून रस्ता ओलांडायचा. मोटारी थांबायच्या, तो हनुवटीनंच आभार मानायचा. त्याची आजी दारात खुर्ची टाकून भेंड्या की शेंगा काहीतरी निवडत बसलेली असे आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाची चौकशी करे. आई, तुझी आणि तिची भाषेवाचून गट्टी जमणार, मी लिहून देते.

संध्याकाळ हा तिथला खरा कार्यक्रम. दुपारी दोन-तीन ते पाच गाव झोपतं, त्या वेळात आरडाओरडा केलेला चालत नाही. बाबांची वामकुक्षी त्यात छान बसते. उन्हं उतरली की सगळे बाहेर. कडेवर पोरं, हातात आइस्क्रीम, नटूनथटून याच रस्त्यानं या टोकापासून त्या टोकापर्यंत. जेवणं नऊच्या पुढे. आपली पोरगी साडेदहाला गावातल्या मुलांबरोबर चेंडू खेळत होती आणि तिला कोणी झोपायला चल म्हणत नव्हतं, फक्त मी.

या गजबजाटाची दुसरी बाजूही सांगते. रस्त्याकडच्या खोल्यांत रात्री स्कूटर आणि बारमधलं संगीत ऐकू येतं. म्हणून खोली समुद्राच्या बाजूची आणि धक्क्यापासून लांबच्या टोकाला बघतेय. लहान हॉटेलांत बरेचदा लिफ्ट नसते, तेव्हा तळमजला किंवा पहिलाच मजला. खोलीला छोटंसं स्वयंपाकघर हवंच, सकाळचा चहा आईच्या हातचाच व्हायला हवा. आणि मेअखेर पाणी आपल्याकडच्यापेक्षा बरंच गार असतं. आई, गुडघाभर जाऊन परत येशील, त्यापुढे नाही. बाबा "छे, काय गार" म्हणत उडी मारतील आणि मग शिंकत बसतील.

खाण्याची चिंता सोड. तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचे उपवास खूप, भाविक तर बुधवार-शुक्रवारही पाळतात. त्यामुळे मांसाशिवायचा स्वयंपाक त्यांच्या हातात बसलेला आहे. भात भरून भाजलेले टोमॅटो आणि ढोबळ्या मिरच्या, टोमॅटोच्या रसात भाजलेले मोठे पांढरे घेवडे, पिवळ्या डाळीचं घट्ट वरण (त्याला ते फावा म्हणतात, वर कच्चा कांदा), लिंबू आणि तेल घातलेली उकडलेली पालेभाजी. तिखट मात्र शून्य. मिरचीपूड आणि शेंगदाण्याची चटणी बॅगेत टाक. तुझे सोमवार-गुरुवार निभतील. बाबांसाठी मासे आहेतच. ताजे मासे किलोच्या भावानं असतात, आधी दाखवतात, वजन करतात, मग भाजतात. दर विचारूनच हो म्हणायचं, नाहीतर बिल बघून जेवण उतरेल.

फिरण्याचं म्हणाल तर सगळं हाताशी. नाफ्प्लिओला बस जाते. आधुनिक ग्रीसची ती १८३४ पर्यंत राजधानी होती. पहिले राज्यप्रमुख कापोदिस्त्रियास यांचा १८३१ मध्ये तिथल्या सेंट स्पिरिडॉनच्या चर्चच्या दारात खून झाला. गोळीची म्हणून दाखवतात ती खूण काचेखाली जपली आहे. वर पालामिदीचा व्हेनेशियन किल्ला आहे. पायऱ्या ९९९ असं म्हणायची पद्धत आहे, पण आपण मागच्या रस्त्यानं गाडीतून जाऊ. खाली बंदरात, पाण्याच्या मधोमध बुर्त्झी नावाचा छोटा किल्ला आहे. बाबा तो पाहून कुलाब्याचं पुराण लावणार हे ठरलेलं आहे.

एपिदाव्रोसचं नाट्यगृह मला तुम्हाला दाखवायचंच आहे, बाबा. इसवी सनपूर्व चौथ्या शतकातलं, डोंगराच्या उतारात कोरलेल्या दगडी ५५ रांगा. मध्ये उभं राहून कागद फाडला तरी वरच्यांना ऐकू येतो असं म्हणतात. तुम्ही खाली उभे राहा, आई पहिल्या रांगेत बसेल, आम्ही वर जातो. नांदी म्हणायचा मोह मात्र आवरा, तिथले रखवालदार गाणं खपवून घेतील असं नाही. शेजारीच अस्क्लेपिओस या आरोग्यदेवतेचं स्थान आहे, लोक तिथे बरं व्हायला येऊन झोपत. मायसीनीला, म्हणजे तिथल्या प्राचीन नगरीच्या अवशेषांकडे, जायचं तर सकाळी दार उघडताच. चढ आहे, सावली नाही, दगड गुळगुळीत झालेत. सिंहद्वारापर्यंत आलात तरी पुरे. आई नको म्हणाली तर ती आणि मी खाली बाकावर थांबू.

आणि लांब कुठे जायचं नसेल त्या दिवशी, किनाऱ्यानं पूर्वेकडे चालत गेलं की प्राचीन आसिनीचे तट लागतात. प्राचीन ग्रीक कवी होमरनं ट्रॉयच्या युद्धाला जहाजं पाठवणाऱ्या गावांच्या यादीत त्याचं नाव घेतलंय. दुसऱ्या महायुद्धात इटालियन सैनिकांनी तिथेच आपले मोर्चे बांधले. फिरणारे आपण आणि चारदोन मांजरं.

औषधाची दुकानं हिरव्या क्रॉसवरून ओळखू येतात, नाफ्प्लिओला सरकारी रुग्णालय आहे. तरी बीपीच्या गोळ्या पुरेशा आणा आणि डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत घ्या. टॉयलेट पेपर तिथे भांड्यात टाकायचा नसतो, बाजूच्या डब्यात टाकतात. तुम्ही तांब्या आणालच, म्हणून तो प्रश्न आपल्याला नाही.

व्हिसाचं असं आहे की जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. माझ्याकडे जास्त दिवस राहणार, म्हणजे जर्मनीचा. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो, तो मी इथून काढते. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालू असला पाहिजे आणि दहा वर्षांपेक्षा जुना नको. बाबांचा मला थोडा संशयास्पद वाटतोय. कपाटातून काढा, पहिलं पान आणि शेवटचं पान यांचे फोटो आजच पाठवा, आणि रविवारी फोनवर "बघू" म्हणू नका. हो की नाही ते सांगा, खोली अडवून ठेवते.

तुमची,
चिमी