बाबा, डबा घेऊन येऊ नका

खारघर,
मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका, सगळं ठीक आहे. रोज रात्री साडेनऊला फोन होतो, दोन रविवारांआड मी घरी येतो, आणि तरी ह्याला पत्र लिहायचं काय सुचलं, असं आई म्हणेल. फोनवर तीनदा विषय काढायला गेलो. पहिल्यांदा आईने वांग्यांचा भाव सांगितला, दुसऱ्यांदा बाबांनी गाडी वेळेवर होती का विचारलं, तिसऱ्यांदा मीच 'जेवलात का' म्हणून वेळ मारून नेली. म्हणून लिहितो. बाबांनी मोठ्याने वाचावं आणि आईने मध्ये बोलू नये.

तर, परवा भाडेकरार आणखी अकरा महिन्यांसाठी केला. सही झाली, नोंदणीही झाली. संक्रांतीनंतर मी ठाण्याला राहायला येणार नाहीये. फेब्रुवारीत निघालो तेव्हा 'प्रोजेक्ट संपेपर्यंत' म्हणालो होतो, आणि तेव्हा ते खरंच होतं. प्रोजेक्ट ऑगस्टमध्ये संपला. हे गणपतीत सांगणार होतो, पण काका-काकू आले, मग ताईचा फोन, मग बाबांचा गुडघा सुजला. नंतर नंतर सांगायचं राहिलं नव्हतं, मी टाळत होतो.

आधी हिशेब सांगतो, बाबांना हिशेब लागतो. नौपाड्यातून पावणेसातला निघायचं, दहा नंबर फलाटावरून पनवेल गाडी, बेलापूरला उतरून मेट्रो, पेंधरला उतरून शेअर रिक्षा, तेव्हा कुठे तळोज्याच्या ऑफिसचं फाटक. जाऊन-येऊन चार तास. इथून सेंट्रल पार्क स्टेशनवर चढलो की पेंधर चौथं स्टेशन. बाबा, ह्या मेट्रोचं काम २०११ ला सुरू झालं आणि गाडी धावली २०२३ च्या नोव्हेंबरात, म्हणून तुम्ही तिला नावं ठेवता, पण माझे रोजचे तीन तास तिनेच वाचवले. तुम्ही चौतीस वर्षं ठाणे-व्हीटी केलंत आणि कधी कुरकुर केली नाही, हे मला पाठ आहे. पण तुमची फास्ट गाडी होती, आणि तुमच्या डब्यात भजनी मंडळ होतं.

आई, दुसरं कारण तुझंच आहे. मी आल्याशिवाय तू जेवायची नाहीस. साडेनऊ होवोत, दहा होवोत, खिडकीत उभी. मी गेल्यापासून तुम्ही दोघं साडेसातला जेवता आणि तुझी तीन महिन्यांची साखर ८.१ वरून ७.२ वर आली. हे मी म्हणत नाही, तुझा रिपोर्ट म्हणतो. मी नसल्याने तुझी तब्येत सुधारली ह्याचा आनंद मानायचा की राग, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता ही दोन्ही कारणं खरी असली तरी एवढ्यासाठी कुणी घर सोडत नाही, हे तुम्ही ओळखालच. घरी असलो की पाण्याचा तांब्यासुद्धा हातात येतो. अडतीस वर्षांचा माणूस टॉवेल कुठे आहे म्हणून ओरडतो, आणि तो सापडतो. त्यात तुमची काही चूक नाही. मला ते सुख आवडतं, फार आवडतं, म्हणून तर इतकी वर्षं निघालो नाही. पण इथे मी स्वतः भाजी आणतो, ती चुकते, पुन्हा आणतो, आणि त्यात मला मजा येते. लग्नाचा विषय ह्यात आणू नका. तुमच्याशी भांडण झालंय असं कुणाला वाटत असेल, तर त्याला सरळ माझ्याकडे पाठवा.

बाबा, मागच्या रविवारी तुम्ही न सांगता आलात. मी सेंट्रल पार्कातून परतत होतो, आणि समोरच्या फुटपाथवर तुम्ही पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेत उभे. दोन गाड्या, स्टेशनचे जिने, वर मेट्रो, आणि हे सगळं डाळिंब्यांच्या उसळीच्या डब्यासाठी. तुम्ही म्हणालात, 'आईने पाठवलंय, मी काय नुसता फिरायला आलो.' जिन्यात तुम्ही कठडा धरून थांबलात ते मी पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं. डाळिंब्या मी चाटूनपुसून खाल्ल्या. पण डबा घेऊन येणं आता बंद. यायचं तर दोघांनी यायचं, मी ठाण्याला घ्यायला येईन, आणि हातात काही नको.

उपाशी नाहीये मी. आई, तुझ्या भाजणीचा डबा अजून अर्धा आहे, सकाळी थालीपीठ होतं. रविवारी वाल भिजवतो, फडक्यात बांधून मोड आणतो आणि सोमवारी रात्री बसून सोलतो. थंडीत मोड यायला दीड दिवस लागतो, हे तू सांगितलं नव्हतंस, मी पहिल्या वेळी बारा तासांतच सोलायला बसलो होतो. सालं नखात गेली. आता पाव किलो वाल बातम्या संपेपर्यंत सोलून होतात. आमसूल, गूळ, वरून ओलं खोबरं, सगळं तुझ्या पद्धतीने, फक्त फोडणीत माझा हिंग जास्त पडतो. कुळथाचं पिठलं बाबांपेक्षा बरं करतो, हे मी लेखी देतो.

एक गोष्ट लपवली होती, ती आता सांगतो. जूनमध्ये टेकडीकडून आलेल्या बायका शेवळांची रानभाजी घेऊन बसल्या होत्या. पाहून इतका आनंद झाला की तिची खाज मारणारी आंबट काकडं न घेताच घरी आलो. ती म्हातारी मागून ओरडतही होती, मला वाटलं पैसे कमी दिले. चिंचेवर भागेल म्हटलं. भागलं नाही. दोन दिवस घसा खाजत होता आणि तुझ्याशी फोनवर मी 'सर्दी झालीये' म्हणालो. तू आल्याचा काढा घ्यायला सांगितलास. घेतला.

विणकाम चालू आहे. बाबा, तोंड वाकडं करू नका. कावीळ झाली होती तेव्हा, अकरा वर्षांचा असेन, दोन महिने घरात. उसाचा रस आणि फुटाणे. क्रिकेट बंद. आईने दहा नंबरच्या सुया हातात दिल्या आणि म्हणाली, 'एक सुलट, एक उलट, रडू नकोस.' काका आले की तुम्ही त्या उशीखाली सरकवायचात. मला तेव्हा वाटायचं की काकांना सुयांची भीती वाटते.

आणि सव्वीस जुलैची रात्र. वीज नाही, फोन नाही, तुम्ही कुर्ल्याहून रुळांवरून चालत निघालात हे आम्हाला ठाऊक नाही. आई मेणबत्तीसमोर रात्रभर विणत बसली होती. सकाळी तुम्ही दारात आलात, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि तिने तुम्हाला चहा दिला आणि मग रात्रीचं सगळं विणलेलं शांतपणे उसवलं. मी विचारलं का, तर म्हणाली, 'टाके चुकलेत सगळे.' मला मेट्रोत सुया काढल्या की ते आठवतं.

हो, मेट्रोत विणतो. पहिल्या आठवड्यात लोक बघायचे. मग एके दिवशी समोरच्या बाकावरच्या एक आजी उठून माझ्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, 'खाली चार ओळींवर टाका सुटलाय, उसवू नका, क्रोशाने उचला.' आईचाच आवाज. उत्सव चौकापर्यंत त्यांनीच उचलून दिला.

आई, तुझा बदामी स्वेटर मी आणलाय हे तुला कळलंच असेल. पाठ झालेली होती, एक बाही झालेली होती, पुढच्या भागाचा मुंढा घ्यायचा होता आणि तिथे तुझ्या अंगठ्याने दगा दिला. तुला वाटेल त्याने चोरून नेला. तसंच आहे. माझी वीण घट्ट, तुझी सैल, त्यामुळे पुढचा भाग थोडा आकसलेला दिसतोय. मी एक नंबर जाड सुई घेतली, नऊ नंबर, आता जुळतंय. गळा मात्र तुझ्यासमोर बसूनच उचलणार. मुंबईच्या थंडीत स्वेटर कशाला, असं बाबा विचारतील. पहाटेच्या चालण्यासाठी.

बाबांसाठी लोकरीच्या गुडघेपट्ट्या केल्यात. पहिली एवढी मोठी झाली की मी ती कानटोपी म्हणून घालतो. दुसरी ऐंशी टाक्यांवर, दोन सुलट दोन उलट, म्हणजे ताणली जाते आणि घसरत नाही. ऊब राहील, पण त्याने गुडघा बरा होत नाही, हे लक्षात ठेवा. डॉक्टरांनी सांगितलेले मांडीचे व्यायाम करायचेच. पट्टी घातली म्हणून जांभळी नाक्याला चालत जायचं नाही.

सुट्टीच्या दिवशी काय करतो, हे ताईने विचारलं होतं, म्हणजे तुम्हीच विचारलं होतं. ऑफिसातले चौघं आहोत. कर्नाळ्याला दोनदा गेलो, सकाळी सातच्या आत, किल्ल्याच्या सुळक्यावर कुणी चढलं नाही, चढायचा विचारही नाही. भृंगराज दिसला, शेपटीची ती दोन लांब पिसं मागे ओढत उडणारा. बाबा, तुम्ही येऊरला मला तो दाखवायला किती रविवार नेलंत! दर वेळी दयाळच दिसायचा आणि तुम्ही म्हणायचात, 'हाही काही वाईट नाही.' उपवनच्या काठावर बसून पोळीभाजी, आणि तुमची काळी छत्री, उन्हाळ्यातसुद्धा. मला तेव्हा त्या छत्रीची लाज वाटायची. आता माझ्याकडे तशीच आहे. पांडवकड्याच्या धबधब्याला पावसाळ्यात गेलो नाही. तिथे बंदी असते, आणि असती नसती तरी गेलो नसतो.

आता तुमच्यासाठी एक बेत आहे. फ्लेमिंगो यायला लागलेत, मेपर्यंत असतात. २०२२ साली ठाणे खाडीला रामसर, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला ते कात्रण बाबांनी काढून ठेवलंय, पण खाडी काही पाहिली नाही. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून बोट सुटते. भरती-ओहोटीवर वेळ ठरते, त्यामुळे आदल्या दिवशी मी वेळ बघीन. गाडीने ठाण्याहून ऐरोली दुसरं स्टेशन, पण आपण रिक्षाने जाऊ. पक्षी खाडीतलं शेवाळ खाऊन गुलाबी होतात, ह्यावर बाबांनी बोटीत नावाड्याशी वाद घालायचा नाही.

आता मूळ मुद्दा. माझी खोली.

तुम्ही ती तशीच ठेवलीय, चादर दर पंधरा दिवसांनी बदलते, कॅरमवर अजून माझी पुस्तकं. रविवारी आलो की मी तिथे झोपतो आणि तुम्ही दोघं मागच्या खोलीत, जिथून रात्री बाथरूमला जायला अख्खा हॉल ओलांडावा लागतो, अंधारात, बाबा दिवा न लावता. माझ्या खोलीला लागून कमोड आहे. वारा आहे. तळमजला मिळेपर्यंत, बिल्डिंगचं पुनर्विकासाचं जे काय व्हायचंय ते होईपर्यंत, तुम्ही तिथे राहायचं. सुताराला सांगितलंय, शनिवारी दहाला येईल, पलंग हलवेल आणि कमोडशेजारी धरायला दांडा बसवेल. पैसे दिलेत, त्यामुळे त्याला परत पाठवू नका. मी साडेनऊपर्यंत पोचतो. कॅरम मी घेऊन जातो, ट्रॉफ्या रद्दीत दिल्या तरी चालतील. ती शाळेची एक ठेवा हवी तर.

मी आलो की हॉलमध्ये झोपीन. लहानपणी पावसाळ्यात सगळे हॉलमध्ये झोपायचो ना, छत गळायचं तेव्हा, मध्ये पातेलं ठेवून. मला तेच आवडायचं.

आई, रडू नकोस. मी तास-दीड तासावर आहे. तुझ्या गुरुवारच्या पूजेला शेवटच्या गुरुवारी येतोच आहे, उद्यापनाच्या नारळांचं मी बघतो. आणि ऐक: घरात अनवाणी फिरायचं नाही, सपाता तुळशीजवळ पडलेल्या असतात, त्या पायात हव्यात. रात्री पायांचे तळवे बघायचे, लहान चीर असली तरी सांगायचं. माळ्यावरचं काही काढायला स्टुलावर चढायचं नाही, मोदकपात्रसुद्धा नाही. बाबा, रक्तदाबाची गोळी 'आज बरं वाटतंय' म्हणून सोडायची नाही. बरं वाटतंय ते गोळीमुळेच. स्कूटरची किल्ली माझ्याकडे आहे, शोधू नका.

शनिवारी जेवायला काही विशेष करू नकोस. डाळिंब्या मी सोलून आणतो, तू फक्त फोडणी दे.

तुमचा,
बंड्या

ता. क. बारा नंबरच्या सुयांपैकी एक सापडत नाहीये. बहुतेक हॉलमधल्या सोफ्याच्या फटीत असेल. बाबांनी डाव्या बाजूला जपून बसावं.