त्या रात्री फोन तू उचललास

प्रिय लेकी,

तुझं नाव इथे लिहीत नाही. जर्मनीत तुझ्या कागदपत्रांचं भिजत घोंगडं अजून तसंच आहे, नाव नको, असं तूच माझ्या मुलीला म्हणालीस. पण चार लोकांसमोर आभार मानल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

24 फेब्रुवारी 2022 ला युद्ध सुरू झालं आणि युक्रेनमधली विमानं बंद झाली. माझी लेक तेव्हा टर्नोपिलला, मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला. ज्या एजंटने ॲडमिशनच्या वेळी आमच्या सोफ्यावर बसून दोनदा चहा घेतला, ‘काकू, तिथे चोवीस तास आपला माणूस आहे’ म्हणाला, त्याचा फोन त्या दिवसापासून बंद. तो आपला माणूस कुठे गेला देव जाणे. मुलं टॅक्सीने निघाली, गाड्यांची रांग बघून ड्रायव्हरने वाटेतच उतरवलं आणि तिथून शेहिनीच्या नाक्यापर्यंत बॅगा ओढत पायपीट. नाक्यापलीकडे पोलंड. पण आधी युक्रेनचे लोक, बाकीचे नंतर. बाकीचे म्हणजे तुम्ही आफ्रिकन मुलं आणि आमची भारतीय. ‘नंतर’ म्हणजे कधी, ते कुणी सांगेना. विचारणाऱ्यांना दंडुके बसले.

त्या रेटारेटीत माझी लेक तिच्या ग्रुपपासून तुटली. तिला तुम्ही ओढून घेतलंत. नायजेरिया, घाना, कॅमेरून, झिम्बाब्वे, जिथली तिथली पोरं एक वही करून बसली होती म्हणे. कोण आलं, कोण पार गेलं, कुणाला ताप आहे. त्या वहीत तुझ्या नावाखाली तू तिचं नाव लिहिलंस आणि देशापुढे ‘इंडिया’.

मला यातलं काही माहीत नव्हतं. आमच्याकडे पहाटेचे चार वाजले असतील. कितव्यांदा तरी फोन लावला आणि तो तू उचललास. अनोळखी आवाज. माझ्या पोटात गोळा आला. तू म्हणालीस, “आँटी, ती झोपलीय. माझ्या खांद्यावर. मी हलत नाहीये.” मग म्हणालीस, बॅटरी सात टक्के आहे, आता फोन करू नका, उठली की मीच मेसेज करते. माझं इंग्रजी बेताचं, तुझं वेगळ्या वळणाचं, पण ‘आँटी’ दोघींचं एकच. तुमच्याकडेही आईच्या वयाच्या बाईला आँटीच म्हणतात, हे मला नंतर कळलं. साडेसहाला मेसेज आला, ‘अवेक. ईटिंग बिस्किट.’ तो मी अजून पुसलेला नाही. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, खांदा अवघडलेला, तरी हलायचं नाही, हे कोण शिकवतं तुमच्याकडे? तुझ्या आईला विचारायचंय मला.

मग पेपरात येऊ लागलं. आफ्रिकन युनियनने 28 फेब्रुवारीला या वागणुकीला धक्कादायक वंशभेद म्हटलं. ‘ब्लॅक विमेन फॉर ब्लॅक लाइव्ह्ज’वाल्या बायकांनी पैसे उभे करून अडकलेल्या पोरांना पाठवले. पोलंडमधल्या प्शेमिशल स्टेशनजवळ पोलिश टोळक्यांनी आफ्रिकन आणि भारतीय मुलांना मारलं, तेही वाचलं. माझी लेक सरकारी विमानाने घरी आली. तुला पोलंडने पंधरा दिवस दिले. युरोपने युक्रेनच्या लोकांना आसरा दिला, त्यात तुमच्यासारख्या परदेशी विद्यार्थ्यांना सरसकट धरलंच नाही. आणि तरी तू जर्मनीत तुमच्या लोकांबरोबर दुसऱ्यांचे फॉर्म भरत बसतेस, असं लेक सांगते.

आता पुढचं लिहायला हात जड होतोय. 2017 साली आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघाला, सी विंगमधला फ्लॅट दोन नायजेरियन विद्यार्थ्यांना द्यायचा का. पुण्यात शिकायला आलेली मुलं, डिपॉझिट तयार, पोलीस व्हेरिफिकेशनचे कागद तयार. कुणीतरी म्हणालं, ‘ते लोक नकोत.’ चेअरमन म्हणाले, विरोधात असतील त्यांनी हात वर करा. मी केला. त्या मुलांना मी पाहिलंही नव्हतं. मीटिंगनंतर सामोसे होते, ते खाऊन घरी आले. त्याच वर्षी मार्चमध्ये ग्रेटर नोएडात नायजेरियन विद्यार्थ्यांना मॉलमध्ये खुर्च्या घालून मारलं. भारतातल्या आफ्रिकन विद्यार्थ्यांची संघटना त्यांच्यासाठी उभी राहिली. मी ती बातमी बघितली आणि चॅनेल बदललं.

हे माझ्या लेकीलाही ठाऊक नव्हतं. हे पत्र तुला इंग्रजीत वाचून दाखवताना तिला पहिल्यांदाच कळेल. कळू दे.

तुझ्या कागदांचं काय होतंय ते कळवत जा. रात्री कितीही वाजता फोन कर, माझा चालू असतो.

तुझी,
पुण्याची आँटी